तिरंगा फडकावला म्हणून ज्यांना अटक झाली, त्या स्वामींच्या नांदेड-उदगीरमध्ये आज तिरंग्याचं कापड बनतं

वरती केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा पट्टा आणि मधोमध निळं चक्र. भारतात कापडावरचं सगळ्यात जास्त ओळखीचं डिझाईन कुठलं असेल तर हेच. पैठणीचा मोर ओळखता येणार नाही असा माणूस सापडेल, पण तिरंगा न ओळखणारा सापडणार नाही.

पण हे कापड येतं कुठून?

नियमाप्रमाणे बनवलेल्या खादीच्या तिरंग्याचा विषय निघाला की देशात मोजकीच गावं डोळ्यासमोर येतात. एक कर्नाटकातलं हुबळीजवळचं बेंगेरी आणि दुसरं आपलं नांदेड. नांदेडला शिवल्या जाणाऱ्या झेंड्याचं कापड विणलं जातं लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला. हे काम करणाऱ्या संस्थेचं नाव मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती. १९६७ साली ही संस्था उभी करणाऱ्यांमध्ये एक संन्यासी होता, ज्याला २० वर्षांपूर्वी याच तिरंग्यापायी अटक झाली होती.

ते होते स्वामी रामानंद तीर्थ.

मराठवाड्यात त्यांचं नाव विद्यापीठाला आहे, मेडिकल कॉलेजला आहे, चौकांना आहे. पण त्यांची आणि तिरंग्याची गोष्ट झेंडावंदनाच्या भाषणातल्या दोन ओळींच्या पुढे सहसा जात नाही.

व्यंकटेशचा स्वामी कसा झाला?

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. घरची परिस्थिती बेताची. पुढे शिक्षणासाठी ते सोलापूरला आले आणि तिथेच राजकारणाचं वारं लागलं.

१ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले. १६ वर्षांच्या व्यंकटेशवर त्याचा इतका परिणाम झाला की त्याने लग्न करायचं नाही, आयुष्य देशाला द्यायचं असं ठरवून टाकलं. त्या वयात अशा शपथा बरेच जण घेतात. याने ती शेवटपर्यंत पाळली.

असहकार चळवळ सुरू झाली तशी व्यंकटेशने सरकारी शाळा सोडली. अमळनेर आणि मग पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ असं राष्ट्रीय शिक्षण पूर्ण केलं. त्यानंतर कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केलं. कामगारांचे प्रश्न, संघटना कशी बांधायची, कागदपत्रं कशी ठेवायची हे सगळं तो तिथे शिकला.

आता गंमत बघा. व्यंकटेश जेव्हा घडत होता, त्याच काळात तिरंगाही घडत होता.

१९२१ मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेसची बैठक झाली. तिथे पिंगली व्यंकय्या यांनी गांधीजींना एका झेंड्याचं डिझाईन दाखवलं. त्यात लाल आणि हिरवा असे दोनच रंग होते. गांधीजींनी त्यात पांढरा पट्टा आणि चरखा घालायला सुचवलं. झेंड्यावर चरखा आणि झेंड्याचं कापड खादीचं. म्हणजे झेंड्यावर जे चित्र, त्यानेच तो बनवायचा असा साधा विचार होता.

१९२३ मध्ये नागपुरात हा झेंडा घेऊन मिरवणूक काढायला बंदी आली आणि त्याविरोधात झेंडा सत्याग्रह झाला. जमनालाल बजाज पुढे होते, त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल आले. शेकडो लोक फक्त हातात झेंडा घेऊन चालल्याबद्दल तुरुंगात गेले. एका कापडासाठी तुरुंगात जाता येतं हे लोकांना तिथे कळलं.

१९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम आणि मध्ये चरखा असा झेंडा अधिकृतपणे स्वीकारला. आजचा तिरंगा या डिझाईनपासून फक्त एका पावलावर आहे.

हिप्परगा, अंबाजोगाई आणि निजामाचं राज्य

१९२९ च्या सुमारास व्यंकटेश खेडगीकर आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परगा गावी आले. तिथे राष्ट्रीय शाळा होती. राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारी मदत न घेता चालणारी, मुलांना देशाबद्दल शिकवणारी शाळा. अशा शाळांमध्ये सूतकताई हा शिक्षणाचाच भाग असायचा. इथे मुख्याध्यापक असतानाच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले.

संन्यास घेतलेला माणूस मठात जातो, हिमालयात जातो. हे स्वामी शाळेतच राहिले. १९३५ च्या सुमारास ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. त्यांच्या हाताखालची मुलं पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाची फळी झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सोलापूर ब्रिटिशांच्या राज्यात होतं. हिप्परगा, अंबाजोगाई, नांदेड, लातूर हे सगळं हैदराबाद संस्थानात होतं. राज्य होतं सातवा निजाम मीर उस्मान अली खान यांचं, ज्यांची गणना तेव्हा जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत व्हायची. मराठवाड्याचे पाच जिल्हे होते. लातूर जिल्हा नव्हता, ते उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. उदगीर तर बिदर जिल्ह्यात होतं.

या राज्याचा झेंडाही वेगळा होता. पिवळ्या रंगाचं कापड आणि मध्ये एक गोल. हा गोल म्हणजे कुलचा, खायची रोटी. आसफजाही घराण्याचा मूळ पुरुष दख्खनला निघाला तेव्हा एका सुफी संताने त्याला खायला कुलचे दिले, अशी कथा त्यामागे सांगितली जाते. सरकारी इमारतींवर हाच झेंडा असायचा.

म्हणजे मराठवाड्यातल्या माणसासमोर दोन कापडं होती. एकावर रोटी, दुसऱ्यावर चरखा. कुठलं हातात धरायचं, यावर तुमचं पुढचं आयुष्य ठरणार होतं.

लातूरचं अधिवेशन आणि पहिला तुरुंगवास

निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तरी परवानगी लागायची. म्हणून मराठी भाषिकांनी महाराष्ट्र परिषद नावाची संघटना काढली. तिचं पहिलं अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झालं आणि दुसरं १९३८ मध्ये लातूरला. स्वामीजी या परिषदेत पुढे आले आणि शाळा सोडून पूर्णवेळ चळवळीत उतरले.

त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं. सरकारने संघटना स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचं नेतृत्व गोविंदराव नानल यांनी केलं आणि पाठोपाठ स्वामीजींनीही सत्याग्रह करून अटक करून घेतली.

त्यानंतर तुरुंग ही नेहमीची गोष्ट झाली. १९४० ला वैयक्तिक सत्याग्रहात अटक. १९४२ ला मुंबईहून चले जावची हाक घेऊन परत येताच पुन्हा अटक. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला १९४६ साल उजाडलं. तेव्हा स्वामीजी तिचे अध्यक्ष झाले. पण बंदी उठली म्हणून वातावरण निवळलं नव्हतं. त्याच वर्षी नांदेड जिल्ह्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातले पहिले हुतात्मा म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

चरखा गेला, चक्र आलं

२२ जुलै १९४७ ला दिल्लीत संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला. रंग तेच, क्रम तोच, पण चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. त्यामागे एक साधं व्यावहारिक कारणही होतं. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो. चरखा एका बाजूने सरळ दिसला तर दुसऱ्या बाजूने उलटा दिसणार. २४ आऱ्यांचं गोल चक्र कुठूनही बघा, सारखंच दिसतं.

देशभर या नव्या झेंड्याची तयारी सुरू होती. हैदराबादमध्ये मात्र निजामाने जूनमध्येच जाहीर केलं होतं की आपण भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही, स्वतंत्र राहणार.

स्वामीजींच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ हा भारतात सामील होण्याचा दिवस म्हणून पाळला. गावोगावी सभा झाल्या, मिरवणुका निघाल्या, लोकांना अटका झाल्या. आणि १५ ऑगस्टला सगळा देश झेंडावंदन करत असताना स्वामीजींनी हैदराबाद शहरात तिरंगा फडकावला. त्यांना अटक झाली. देशाच्या स्वातंत्र्याचा पहिला दिवस स्वामीजींनी कोठडीत काढला.

पुढचे १३ महिने मराठवाड्याने जे पाहिलं ते आजही जुन्या घरांमध्ये हळू आवाजात सांगितलं जातं. रझाकार संघटनेचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरमध्ये वकिली करणारा माणूस. त्याच्या माणसांनी गावं लुटली, जाळली. दुसरीकडे लोकांनी शिंदीची झाडं तोडून सरकारचं दारूचं उत्पन्न बुडवलं, करोडगिरी नाके उद्ध्वस्त केले. संस्थानाच्या हद्दीबाहेर कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. स्वामीजी आत असताना बाहेरचं काम दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या लोकांनी सांभाळलं.

नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला तेव्हा स्वामीजी सुटले. दोन महिन्यांत पुन्हा अटक झाली. ३० जानेवारी १९४८ ला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, त्याच दिवशी नांदेड जिल्ह्यात कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली. २० लाखांहून जास्त रक्कम हाती लागली. ती लढ्यासाठी वापरली गेली आणि तिचा हिशोब ठेवला गेला.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि स्वामीजींची सुटका झाली. मराठवाड्यात १५ ऑगस्टनंतर महिन्याभराने पुन्हा झेंडावंदन का होतं, त्याचं उत्तर ही तारीख आहे.

जिंकल्यानंतर काय केलं?

स्वामीजींना मोठं पद घेता आलं असतं. ते १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून गेले, पण मंत्रिपदाच्या मागे लागले नाहीत. हैदराबाद राज्य तसंच ठेवावं असं अनेक मोठ्या नेत्यांना वाटत होतं. ज्या राज्यासाठी ते लढले तेच राज्य भाषेप्रमाणे तीन भागांत वाटून टाका, असं स्वामीजींचं म्हणणं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला तसंच झालं. मराठवाडा मराठी भाषिकांसोबत आला, तेलंगणा तेलुगू भाषिकांसोबत गेला आणि कानडी जिल्हे आजच्या कर्नाटकात.

शिक्षणाचं काम सुटलं नव्हतंच. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं, त्यामागे स्वामीजी होते. नरहर कुरुंदकर पुढे याच कॉलेजचे प्राचार्य झाले.

आणि मग १९६७ मध्ये आली नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती. सोबत गोविंदभाई श्रॉफ होते.

नांदेडच का? कारण हा भाग कापसाचा. नांदेडचं बारीक सुती कापड जुन्या काळी नावाजलेलं होतं. इथल्या गावरानी कापसाची वेगळी ओळख होती. शहरात उस्मानशाही मिल होती. पण गिरणी शहरातल्या कामगाराला रोजगार देते. खेड्यातल्या, शेतीचं काम नसेल तेव्हा हात रिकामे असलेल्या बाईला घराजवळ काम द्यायचं तर चरखा आणि हातमागच लागतो. मुक्तिसंग्रामात सगळं दिलेल्या खेड्यांना स्वातंत्र्यानंतर काय मिळालं, या प्रश्नाचं हे एक छोटं उत्तर होतं.

उदगीर म्हटलं की आपल्याला १७६० ची लढाई आठवते, जिथे सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं होतं. त्याच उदगीरला आता तिरंग्याचं कापड विणलं जातं.

एक झेंडा बनवायला काय लागतं?

भारतात वस्तूंच्या दर्जाचे हजारो सरकारी मानक आहेत. त्यातलं पहिल्या क्रमांकाचं मानक, म्हणजे आयएस १, हे राष्ट्रध्वजाचं आहे. ते १९५१ मध्ये आलं आणि नंतर १९६४ आणि १९६८ मध्ये सुधारलं गेलं.

यात सगळं ठरलेलं आहे. सूत हाताने कातलेलं, कापड हाताने विणलेलं. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे. रंगाची छटा ठरलेली. चक्र दोन्ही बाजूंनी बरोबर एकमेकांवर आलं पाहिजे. झेंड्याचे नऊ आकार आहेत. सगळ्यात लहान १५० बाय १०० मिलिमीटरचा, टेबलावर ठेवायचा. सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण २१ बाय १४ फूट.

उदगीरला कापड विणून झालं की ते रंगकामासाठी गुजरातला जातं. रंगवलेलं कापड नांदेडला येतं. तिथे मोजून कापणं, पट्टे जोडणं, चक्र छापणं, शिलाई, दोरी आणि लाकडी खुंटी लावणं ही कामं होतात. एखादा पट्टा थोडा जरी कमी-जास्त झाला तरी झेंडा बाद. म्हणून खादीचा झेंडा महाग पडतो आणि हवा तेव्हा हवा तितका मिळत नाही.

२२ जानेवारी १९७२ ला हैदराबादमध्ये स्वामीजींचं निधन झालं. वय ६८ वर्षं. बेगमपेठ भागात त्यांची समाधी आहे. १९९४ मध्ये नांदेडला त्यांच्या नावाचं विद्यापीठ सुरू झालं, तेही १७ सप्टेंबरलाच.

मग तिरंगा सगळ्यांचा झाला

स्वामीजी गेले त्या काळात सामान्य माणसाला वर्षभर घरावर झेंडा लावता येत नव्हता. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीसारखे ठराविक दिवस सोडले तर तो मान सरकारी इमारतींचाच होता. उद्योगपती नवीन जिंदाल यांनी आपल्या कारखान्यावर झेंडा लावला, त्यावरून वाद कोर्टात गेला. १९९५ मध्ये दिल्ली हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली आणि नागरिकांना कुठल्याही दिवशी, सन्मानाने, झेंडा लावायची मुभा मिळाली. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नागरिकाचा मूलभूत हक्क मानला.

तिरंग्याची मागणी वाढली. पण झेंडा अजून हाताने कातलेल्या-विणलेल्या कापडाचाच लागत होता.

३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला. मशीनवर बनवलेल्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. पुढच्या ऑगस्टमध्ये, १३ ते १५ तारखेला, हर घर तिरंगा मोहीम आली. त्याआधी रात्रीही घरावर झेंडा ठेवायची मुभा दिली गेली. पॉलिस्टरचे झेंडे जीएसटीमुक्त असल्याचं सरकारने स्पष्ट केलं. देशात कधी नव्हे इतके झेंडे लागले.

इतके झेंडे इतक्या कमी दिवसांत चरख्यावरच्या सुतातून बनणं शक्यच नव्हतं, ही एक बाजू आहे. ज्याच्याकडे फार पैसे नाहीत त्यालाही घरावर झेंडा लावता आला, हेही खरं. दुसरी बाजू हुबळीच्या खादी संघाने मांडली. त्यांनी या बदलाविरोधात आंदोलन केलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. खादी संस्थांची झेंड्याची विक्री मुख्यतः दोन राष्ट्रीय दिवसांवर चालते आणि त्यावरच कातणाऱ्या, विणणाऱ्या, शिवणाऱ्या हातांची वर्षाची कमाई अवलंबून असते. बाजारात स्वस्त झेंडा आला की पहिला फटका या हातांना बसतो. आणि यातले बहुतेक हात खेड्यातल्या बायकांचे आहेत.

उदगीरचा माग आणि नांदेडचं शिलाई मशीन याच प्रश्नासमोर उभं आहे. तिरंग्याची लोकप्रियता वाढली, तो बनवणाऱ्यांचं काम त्या प्रमाणात वाढेल याची मात्र आता खात्री नाही.

१९४७ मध्ये स्वामीजींच्या राज्यात तिरंगा हातात धरायला हिंमत लागत होती. आज तो ऑनलाईन मागवला तर दोन दिवसांत घरी येतो. हे दिवस यावेत म्हणूनच तर त्या पिढीने तुरुंग भोगला. पण त्यातल्याच एका माणसाने नंतर खादीची संस्था काढली, कारण झेंडा फडकला तरी तो विणणाऱ्या घरात चूल पेटली पाहिजे, हा हिशोब त्याच्या लेखी संपलेला नव्हता.

येत्या १७ सप्टेंबरला मराठवाड्यात पुन्हा झेंडावंदन होईल. शाळा-शाळांमध्ये स्वामीजींच्या फोटोला हार घातला जाईल. त्या दिवशी वर फडकणारं कापड हातात घ्यायची संधी मिळाली तर जवळून बघा. सूत थोडं जाड-बारीक, हाताला किंचित खरखरीत लागलं तर समजा तो खादीचा आहे. कदाचित उदगीरच्या एखाद्या मागावरून निघून, नांदेडच्या टेबलावर मोजून कापून तो तुमच्यापर्यंत आला असेल.